१२३४५६७८९८७६५४३२१ : पार्श्वभूमी

नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग. पुण्यात स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना ही संख्या ‘ट्रिक’ म्हणून पाठ असते. ट्रिकमागचं कारण मात्र वहीत दिसतं. १११११११११ हीच संख्या एकाखाली एक, एकेक घर सरकवत नऊ ओळींत मांडा आणि बेरीज करा. सगळ्यात लांब रकाना नऊ एकांचा होतो, म्हणून कुठेही हातचा येत नाही.

अशा चढत्या-उतरत्या संख्यांचं वेड जुनं आहे. नवव्या शतकातल्या एका जैन गणितग्रंथात १२३४५६५४३२१ येते.

आपल्याकडची गोष्ट १९२३ ची. मुंबई-ठाणे मार्गावर गाडी बदलताना द. रा. कापरेकर नावाच्या एका तरुणाला या संख्यांचा विचार सुचला आणि स्टेशनच्या नावावरून त्याने त्यांना ‘डेम्लो’ म्हटलं. तो पुण्यात कॉलेजला होता. १९२९ मध्ये पदवी घेऊन देवळालीत शाळामास्तर झाला.

घोळ आहे तो या नावाचा. आज डेम्लो म्हटलं की लोक १, १२१, १२३२१ अशी मांडणीच सांगतात. मुळात ती बेरजेची कल्पना. संख्येचे डावा, मधला, उजवा असे तीन भाग करायचे. मधल्यात एकच अंक, कितीही वेळा. आणि डावा-उजवा मिळवले की तोच अंक सगळीकडे यायला हवा. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५. आपल्या संख्येत १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ मिळवा: आठही घरांत ९, आणि मधे ९ आहेच! एकांच्या वर्गांना तर ‘वंडरफुल डेम्लो’ असं वेगळं नाव आहे. ते विशेषण गाळलं की १६५ आणि २५५३ वर अन्याय होतो, आणि कल्पनेचा गाभाच हरवतो.

पुढचा वाद दहा एकांचा: त्यांचा वर्गही ‘वंडरफुल डेम्लो’ धरायचा का? त्यांचा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१. हातचा आला, चढणीवरचा ८ गेला, दोन्हीकडून सारखं वाचणंही संपलं. सूत्र धरणारे यादी पुढे नेतात, आकृती धरणारे नऊवर थांबतात. मला नऊवर थांबणंच पटतं, कारण डावं-उजवं मिळून मधला अंक देण्याचं नातं तिथवरच इतकं स्वच्छ राहतं.

आपल्या नऊ एकांच्या वर्गाचे अवयव ३⁴ × ३७² × ३३३६६७². अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने पूर्ण भागही जातो.

कॉम्प्युटर आल्यावर ही संख्या वेगळ्याच कारणाने पुढे आली. ब्राउझरमध्ये १११११११११ चा स्वतःशी साधा गुणाकार केला तर उत्तराच्या शेवटी …३२१ ऐवजी …३२० येतं. तिथे संख्या ज्या पद्धतीने साठवतात, त्यात २⁵³ म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्णांकाला जागा नसते. या टप्प्यात फक्त सम संख्या मावतात. स्प्रेडशीट १५ अंकच जपते, म्हणून शेवटचे दोन शून्य होतात. आमच्या भाचीने मोबाइलवरचं …३२० पाहून लगेच विचारलं, “मामा, विषमचा वर्ग सम कसा?” मग तिने नऊ ओळी मांडल्या. शेवटच्या घरात एकटा १ होता.