सिकंदराने गाठ खरंच तोडली का?

इंग्रजीतलं ‘गॉर्डियन’ हे विशेषण म्हणजे सोडवू म्हटलं तरी न सुटणारा गुंता. त्यामागची गोष्ट सगळ्यांना पाठ: इ.स.पू. ३३३, गॉर्डियम (आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन शहर), तिथल्या एका गाड्याचं जू दांडीला बांधणारी, कुणालाच न सुटलेली गाठ, सिकंदराच्या तलवारीचा एक घाव आणि गाठ खलास. पण सिकंदराच्या मोहिमेत स्वतः सामील असलेल्या इतिहासकार अॅरिस्टोब्युलसची हकिकत वेगळी. त्याच्या म्हणण्याप्रमाणे सिकंदराने गाड्याच्या दांडीतली खुंटी उपसली आणि जू मोकळं केलं. नंतरच्या काळातला ग्रीक इतिहासकार एरियन दोन्ही हकिकती देतो, खरी कोणती ते ठरवत नाही (शहाणा माणूस!). तेव्हा तलवारीचा घाव हाच निर्विवाद इतिहास म्हणून सांगू नये. शब्दाच्या वापरातही तलवार लागतेच असं नाही: शेक्सपिअरच्या नाटकातला राजा पाचवा हेन्री राजकारणातली अशी गाठ तोडत नाही, सहज सोडवतो. इंग्रज कवी कीट्सने तर १८२० मध्ये हे विशेषण नागिणीच्या वेटोळ्यांना लावलं.