कोन्स्टान्झची खरेदी आणि ती हिरवी चिठ्ठी

झुरिकमध्ये नव्याने राहायला आलेल्याला कोणीतरी सांगतंच: किराणा जर्मनीतून आणा, तिथे टॅक्स परत मिळतो म्हणून स्वस्त पडतो. टॅक्स मिळतो हे खरं. सीमेलगतच्या कोन्स्टान्झ या जर्मन शहरातल्या दुकानात हिरवी चिठ्ठी घ्यायची, सीमेवर जर्मन कस्टमचा शिक्का मारून घ्यायचा, मग पैसे परत. पण हा टॅक्स म्हणजे व्हॅट, आणि जर्मनीत बहुतेक खाद्यपदार्थांवर तो ७ टक्केच. म्हणजे ६० युरोंच्या बिलावर हाती येतात चारेक युरो, आणि २०२० पासून बिल ५० युरोंच्या वर नसेल तर तेही नाहीत. एवढ्यात जाण्यायेण्याचं भाडंसुद्धा सुटत नाही!

फरक आहे तो मूळ किमतीत. स्वित्झर्लंड आपल्या शेतकऱ्यांना सांभाळायला आयात मांस-लोण्यावर जबर शुल्क लावतं. पगार, भाडी चढी. त्यात स्विस चलन फ्रँक महाग. १५ जानेवारी २०१५ ला स्विस नॅशनल बँकेने युरो १.२० फ्रँकच्या खाली उतरू न देण्याची मर्यादा सोडली, फ्रँक वधारला आणि त्याच दिवशी जर्मनीतला माल स्विस खिशाला स्वस्त झाला. व्हॅट होता तिथेच होता.

स्विस कस्टमचा डोळाही म्हणूनच मांसावर: माणशी १ किलो माफ, पुढे किलोला १७ फ्रँकपासून.