स्वस्त अंबरची परीक्षा संध्याकाळी

इंदुरात राजवाड्याच्या आसपास अत्तर घ्यायला गेलं की दुकानदार मनगटाला काडी टेकवतो, आपण लगेच हुंगतो आणि तिथल्या तिथे पसंत-नापसंत ठरवून मोकळे होतो. अंबर नावाच्या सुगंधाच्या बाबतीत ही घाई फार नडते.

अंबरचा सुगंध एका फुलातून किंवा खोडातून निघत नाही. तो जुळवावा लागतो. भूमध्य सागराकाठच्या सिस्टस झुडपाची चिकट राळ, म्हणजे लॅब्डेनम, जोडीला बेंझॉइनची राळ आणि व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेतलं सुवासिक द्रव्य. व्हॅनिलिन १८७४ साली टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनवलं. आज कारखान्यातलं व्हॅनिलिन शेंगेतल्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. म्हणूनच कमी पैशांत चांगला अंबर मिळू शकतो. अस्सल गुलाबाचं किंवा चंदनाचं तसं नाही.

स्प्रे मारल्यावर पहिला भपकारा येतो तो अल्कोहोलचा. मग लिंबू-संत्र्याच्या वासाचं लिमोनिन. त्याचा रेणुभार १३६, व्हॅनिलिनचा १५२, फरक थोडाच. तरी लिमोनिन बघता बघता उडून जातं आणि व्हॅनिलिन तासन्‌तास टिकतं, कारण व्हॅनिलिनचे रेणू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. लिमोनिनला ती सोय नाही. दुकानात आपण जे हुंगतो, त्यात खरा अंबर अजून पुरता उमललेलाच नसतो.

इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे सगळं आणखी भराभर उडतं आणि गोडवा अंगावर येतो. त्या दिवसांत एकच फवारा पुरे. अंबर खरा खुलतो डिसेंबरात. कोरड्या त्वचेवर तो लवकर विरतो, तेव्हा आधी बिनवासाचं क्रीम लावावं. पांढऱ्या कुडत्यावर मात्र मारू नये, व्हॅनिलिनने पिवळट डाग पडू शकतात.

थोड्या वेळाने स्वतःलाच वास येईनासा झाला, तर लगेच बाटलीला दोष देऊ नका. सतत येणाऱ्या वासाकडे नाक आणि मेंदू दुर्लक्ष करू लागतात. घरात कुणाला तरी विचारा, “अगं, अजून येतोय का गं वास?” आणि एक फवारा कागदाच्या पट्टीवरही मारून ठेवा. संध्याकाळी ती हुंगा. नुसता व्हॅनिलाचा गोडवा उरला असेल, तर त्या अंबरात राळ नावालाच आहे. गोडव्यामागे चामड्यासारखा, किंचित कडवट, धुरकट वास रेंगाळत असेल, तर किंमत कितीही कमी असो, ती बाटली खुशाल घ्यावी.