वाघ पाहुणा, लांडगा घरचा

येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात २०२४ च्या डिसेंबरात वाघ कॅमेऱ्यात आला आणि धाराशिवकडच्या चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषयच उरला नाही. टिपेश्वर अभयारण्यातून, म्हणजे यवतमाळ जिल्ह्याच्या पार तेलंगणाकडच्या टोकापासून, शेकडो किलोमीटर चालत तो इथं पोचला होता. टिपेश्वरच्या वाघांना हे चालणं नवं नाही. २०१९ मध्ये तिथलाच रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण नर नांदेड, हिंगोलीतून फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात गेला होता. २०२१ मध्ये आणखी एक कन्नडच्या डोंगरात, गौताळा अभयारण्यात दिसला.

“एवढं मोठं जनावर तुरीतनं, उसातनं गेलं अन् कुणाला पत्ता न्हाई?” आमच्यातला शेती करणारा मित्र विचारत होता. नर वाघ दोनेक वर्षांचा झाला की आईचा इलाखा सोडतो आणि स्वतःची जागा शोधत निघतो. तो रात्री चालतो, ओढ्या-नाल्यांच्या कडेनं, झुडपांच्या आडोशानं. दिवसा उसाच्या फडात पडून राहतो. माणसाची चाहूल त्याला आपल्या कितीतरी आधी लागते.

मेंढरं पाळणाऱ्या घरातला आमचा दुसरा मित्र बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, “वाघ आज आला, उद्या जाईल. लांडगा माझ्या पणज्यापासून आमच्या मेंढरांच्या वाड्यामागं हाय. त्याचं नाव कुणी काढंना.”

त्याचं म्हणणं मला तंतोतंत पटलं. २०२२ च्या गणनेनुसार देशात सरासरी ३,६८२ वाघ आहेत. भारतीय लांडग्यांचा अंदाज तीन हजारांच्या आसपास, म्हणजे वाघांहूनही कमी. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, आययूसीएननं, २०२५ मध्ये त्याचं स्वतंत्र मूल्यमापन करून त्याला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घेतलं. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर तो वाघाच्याच पंगतीला, पहिल्या अनुसूचीत आहे. तरी वाघाला व्याघ्रप्रकल्प आहेत आणि लांडगा बहुतेक करून अभयारण्यांच्या बाहेर, गावाच्या माळावर राहतो.

जनुकांच्या अभ्यासातून दिसतं की आज जगात असलेल्या लांडग्यांच्या वंशशाखांमध्ये भारतीय लांडग्याची शाखा फार जुन्यांपैकी आहे. युरोपातल्या लांडग्यापेक्षा तो अंगानं लहान, वीसेक किलोचा. लोकर विरळ, पाय लांब. उन्हातल्या उघड्या रानासाठीच घडलेलं हे शरीर आहे. दाट झाडीत त्याचं काम नाही. त्याला लांबवर दिसलं पाहिजे आणि पळायला जागा पाहिजे. काळवीट, ससे, उंदीर हे त्याचं रानातलं खाणं. काळवीट जिथं घटलं, तिथं शेळ्या-मेंढ्या. पावसाळा सरल्यावर जोडी जमते, दोन महिन्यांनी ऐन थंडीत पिल्लं होतात आणि ती एखाद्या ओघळीच्या काठाला, झुडपाखालच्या बिळात वाढतात.

आता या प्राण्याला राहायला काय लागतं? माळ. कुसळी, पवन्या, मारवेल असलं गवत आणि अधूनमधून बोर, हिवर, बाभूळ. मराठवाड्यात असा माळ आहे, पण सरकारी दप्तरात त्याची नोंद बहुतेक वेळा पडीक म्हणून होते. तिथून पुढचं सगळं बिघडतं. पडीक जागा दिसली की कुणाला तिथं सौरऊर्जेच्या तावदानांची रांग दिसते, कुणाला खडी, आणि आपल्यासारख्या चांगल्या मनाच्या माणसांना वृक्षारोपण दिसतं.

वृक्षारोपणाचं नाव काढलं तसा आमचा शिक्षक मित्र सरसावला. “आधीच लातुरात जंगल एक टक्काही भरत नाही, अन् तू म्हणतोस झाडं लावू नका?” झाडं लावावीत, गावात, बांधावर, रस्त्याच्या कडेला, उजाड झालेल्या जंगलात खुशाल लावावीत. पण माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावली की सावलीत गवत मरतं, कारण आपल्याकडच्या माळाच्या गवताला भरपूर ऊन लागतं. गवत गेलं की काळवीट गेलं, काळवीट गेलं की लांडगा वाड्याकडं वळला. कार्बन साठवायचा म्हणून झाडं लावत असाल, तर गवत आपला बराचसा कार्बन मुळांतून जमिनीखाली ठेवतं हेही बघावं. वणवा लागला तरी हा कार्बन तिथंच राहतो.

“पण हा माळ म्हणजे तोडलेलं जंगलच की,” हा पुढचा प्रश्न असतोच. याचं फार सुंदर उत्तर आपल्या मराठीतूनच आलं आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचं जुनं मराठी साहित्य, संतचरित्रं, ओव्या चाळून त्यांत आलेल्या रानझाडांची नोंद केली. २०२५ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. बहुतेक झाडं निघाली उघड्या, उन्हाच्या रानातली, काटेरी. पंढरपुरात कान्होपात्रेच्या नावानं ओळखलं जातं ते तरटीचं झाड त्याच जातकुळीचं. म्हणजे संतांच्या पायाखालची वाटही अशाच माळातून जात होती.

माळ हातचा गेला की काय होतं ते आपण माळढोक या माळावरच्या मोठ्या पक्ष्याच्या बाबतीत पाहिलं आहे. आपल्या शेजारी, सोलापूरच्या नान्नजला, १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झालं. आता तिथं माळढोक दिसला तर बातमी होते. देशभरात दीडशेही उरले नाहीत आणि जवळपास सगळे राजस्थानात आहेत. मादी एका खेपेला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एवढा जड पक्षी उडताना समोरचं नीट पाहू शकत नाही, त्यामुळं विजेच्या तारांना धडकतो. राजस्थानात त्यांची अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं काम चालू आहे, पण त्या पिल्लांना सोडायलाही शेवटी गवताळ माळच लागणार.

लांडग्याला आणखी एक धोका आपणच गावाबाहेर पोसतो आहोत. कोंबड्यांचा, खाटकांचा कचरा उघड्यावर पडतो, त्यावर मोकाट कुत्री वाढतात. त्यांच्यामुळं रेबीज आणि डिस्टेंपर हे कुत्र्यांचे जीवघेणे रोग लांडग्यांत येतात. पुण्याजवळ तर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत सिद्ध झालं आहे.

मेंढरंवाल्या मित्राचा प्रश्न मात्र सगळ्यात खरा होता. “आजा म्हणायचा, कळपातलं एखादं त्याचं असतंच. पण आता एक मेंढरू गेलं तर माझं महिन्याचं गणित बसत न्हाई.” लांडगा जगवायचा खर्च एकट्या धनगरानं सोसावा, हे मला कधीच न्याय्य वाटलेलं नाही. लांडग्यानं मारलेल्या जनावराची भरपाई वनविभागाकडून मिळते, पण त्यासाठी लगेच कळवावं लागतं आणि पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नसतं. रानोमाळ फिरणाऱ्या माणसाला हे जड जातं. पंचनाम्यात गावातल्या शिकलेल्या पोरांनी हात दिला, तर विष घालण्याचा विचार पुष्कळांच्या मनातून निघून जाईल.

थंडीत ओघळीच्या काठाला पिल्लं दिसली, तर उचलू नका आणि फोटोसाठी गर्दी करू नका. आई जवळपासच असते आणि माणसांचा वावर वाढला की ती पिल्लं दुसऱ्या बिळात नेते. कठडा नसलेल्या विहिरीत लांडगा, खोकड किंवा काळवीट पडलेलं दिसलं, तर स्वतः उतरू नका. वनविभागाचा १९२६ हा टोल-फ्री क्रमांक आहे, तिथं कळवा. आमच्या शेतकरी मित्राची विहीर तशीच उघडी आहे. तूर निघाली की कठडा बांधायचं त्यानं ठरवलं आहे.