पियानोला मणी नसतो, म्हणून लिव्हर नीट बघून घ्या

तानपुरा लावताना आधी खुंटी पिळून सूर जवळपास आणायचा आणि मग मणी हळूच सरकवून तो नेमका बसवायचा, हे आपल्याकडे बहुतेकांनी बघितलंय. पियानोत हा मणीच नाही. तारा २२० च्या आसपास, एकेका तारेवर ७०-८० किलोचा ताण, आणि ढोबळ काम असो की बारीक, सगळं त्या ७ मिमी जाडीच्या स्टीलच्या पिनवर आणि ती फिरवणाऱ्या लिव्हरवर.

किती बारीक काम आहे ते कळावं म्हणून मी एकदा हिशेब मांडला. मधला ए, म्हणजे ४४० हर्ट्झ, त्याची तार ताणून ताणून वाढते ती जेमतेम दोन-अडीच मिमी. पिन १ अंश फिरली की ०.०६ मिमी तार गुंडाळली जाते आणि तेवढ्यानेच सूर साधारण पाव सेमीटोन (सेमीटोन म्हणजे लागोपाठच्या दोन सुरांमधलं अंतर) चढतो! आता पियानोत मधल्या एकेका सुराला तीन तारा असतात, त्यातल्या दोन घेतल्या, एक ४४० ला आणि दुसरी ४४१ ला असेल तर दर सेकंदाला एक लाट ऐकू येते, आवाज फुगतो-बसतो, फुगतो-बसतो. ही लाट घालवायला ३० सेंमी लांब लिव्हरचं टोक एक मिमीपेक्षाही कमी हलवावं लागतं.

म्हणून माझं स्पष्ट मत, लिव्हर घेताना लांबीच्या आधी कडकपणा बघा. दांडाच जर एक मिमी वाकला तर पिन हलली की नुसता दांडा वाकला हे हाताला कळणार कसं? कार्बन फायबरचे दांडे लोकांना आवडतात ते यासाठीच, हलके आणि ताठ. पिनवर बसणाऱ्या टिपला नंबर असतात, बहुतेक पियानोंना २ नंबर चालतो, आणि टिप आतून आठ टोकांच्या चांदणीसारखी असलेली घ्या, म्हणजे दर ४५ अंशांवर लिव्हर लावता येते, साध्या चौकोनी टिपला ९० शिवाय पर्याय नाही. हेड, म्हणजे दांडा आणि टिप जोडणारा भाग, जितकं आखूड तितकी पिन कमी वाकते, पण ग्रँड, म्हणजे आडव्या तारांच्या पियानोत लोखंडी फ्रेमच्या पट्ट्या मध्ये येतात तिथे थोडं उंच हेड लागतं. आणि घरातला पाना किंवा पक्कड कृपा करून लावू नका, पिनचे कोपरे झिजले की मग कुठलीच टिप धरत नाही.

आता खरी गंमत. पिन लाकडात घट्ट रुतलेली असते त्यामुळे तुम्ही लिव्हर ओढली की आधी पिनचं डोकं पिळलं जातं, लाकडातला भाग तिथेच राहतो, सूर मात्र चढलेला ऐकू येतो. हात काढला की पीळ उलगडतो आणि सूर उतरतो. मी सुरुवातीला एक ए अगदी छान लावला, चहा घेऊन आलो तर परत तीच लाट. नंतर समजलं की पिन बुडापासून सरकते तेव्हा हाताला बारीकसा झटका जाणवतो, त्याचीच वाट बघायची. सूर किंचित वर न्यायचा, मग लिव्हर हलकेच मागे दाबून पीळ काढायचा आणि त्या सुराची पट्टी (की) दोन-तीनदा जोरात वाजवायची, म्हणजे पिनजवळच्या तुकड्यात अडकलेला ताण पूर्ण तारेत पसरतो. एवढं करूनही सूर जागेवर राहिला तरच पुढच्या तारेकडे जायचं.

अपराइट, म्हणजे उभ्या पियानोवर लिव्हर घड्याळातल्या १२ ते १ च्या दिशेला, म्हणजे तारेच्या रेषेत वर ठेवा. ३ वर ठेवून ओढलीत तर पिन तारेच्याच दिशेने वाकते आणि कान फसतो.

पहिल्यांदा करताय तर मधल्या सप्तकातला एकच सूर घ्या. त्याच्या तीन तारांपैकी एक रबराच्या पाचरीने बंद करा, उरलेल्या दोन जुळवा, मग तिसरी. पिन फिरवायच्या आधी ती नक्की कुठल्या तारेची आहे हे बोटाने तार धरून खाली आणत तपासा, कारण चुकीची पिन पिळत बसलं आणि इकडे सूर बदलत नाही म्हणून अजून जोर लावला, की तार तुटते ती अशीच.