१०८ पीसचा सेट घेताय? आधी गोटी आतून बघा

पहिल्यांदा गाडीचं ऑइल घरी बदलायला घेतलं तेव्हा माझ्याकडं एका प्रदर्शनातून आणलेला भला मोठा गोटी सेट होता. गोटी म्हणजे सॉकेट, बोल्टच्या डोक्यावर बसवून दांड्यानं फिरवायची आतून कोनी असलेली पोकळ नळी. लाल डबा, आत चाळीस गोट्या, किंमत हजारच्या आत, आणि मी लय खूश. गाडी जुनी मारुती, चेंबरखालचा ड्रेन बोल्ट, म्हणजे जुनं ऑइल सोडायचा बोल्ट, १४चा. आडवा झालो, गोटी लावली, जोर दिला, खट्ट आवाज आला, मला वाटलं सुटला. सुटला बिटला काही नव्हता, गोटीच बोल्टवरून फिरली होती आणि बोल्टचे सहाच्या सहा कोपरे गोल करून बसली होती. नंतर गोटी उजेडात धरली तर तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं, ९/१६. म्हणजे इंचातली. १४ मिमी आणि ९/१६ इंच यात फरक किती, तर ९/१६ म्हणजे १४.२९ मिमी. पाव मिलिमीटरच्या जरा वर. एवढ्याशा फरकानं रविवार गेला.

शेवटी गल्लीच्या तोंडाशी जो गॅरेजवाला आहे त्याला बोलावलं. त्यानं स्वतःची १३ची गोटी हातोडीनं त्या गोल झालेल्या बोल्टवर ठोकून बसवली आणि दोन मिनिटात बोल्ट काढला. जाताना म्हणाला, "दादा, गोट्या मोजून घेता का तुम्ही? आतून बघायच्या असतात." तेव्हा राग आला होता, पण त्याच्या त्या एका वाक्यात पूर्ण भूमिती आहे हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

तर बघा, १४चा बोल्ट म्हणजे काय? समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर १४ मिमी. मध्यापासून सपाट बाजू ७ मिमीवर, पण कोपरा थोडा लांब, ८.०८ मिमीवर. हा जो १.०८ मिमीचा फरक आहे ना, बाजू आणि कोपरा यातला, तेवढीच काय ती गोटीची पकड. गोटी बोल्टला घट्ट आवळून वगैरे धरत नाही, कोपरा तिच्या भिंतीला अडतो म्हणून बोल्ट फिरतो. आणि गोटी बोल्टवर सहज बसावी म्हणून ती थोडी मोठी ठेवावीच लागते, त्यामुळं फिरवायला लागलं की ती आधी थोडी रिकामी फिरते आणि मग अडते. ही रिकामी चाल हिशोबानं काढता येते. १० मिमीच्या बोल्टवर ०.१ मिमीची फट असेल तर साधारण १ अंश. माझ्या केसमधे गोटी ढिली, वर बोल्ट झिजलेला, दोन्ही मिळून फट ०.७ मिमी धरली तरी साडेपाच अंश होतात. जितकी ही चाल जास्त तितकी भिंत कोपऱ्याच्या एकदम टोकाला जाऊन टेकते, सपाट बाजूला नाही. आता ड्रेन बोल्ट ४० न्यूटन मीटरला आवळलेला आहे असं समजा, म्हणजे पाव मीटरच्या दांड्यावर १६ किलोचा जोर, काहीच नाही. पण तिकडं आत प्रत्येक कोपऱ्यावर दीडशे किलोच्या आसपास दाब येतो, तोही एका बारीक रेघेवर. लोखंड तिथं दबणारच, मग कोपरा गोल होतो, मग पकड अजून कमी होते, मग अजून गोल.

यावर उपाय म्हणून चांगल्या गोट्यांच्या आतले कोपरे थोडे कोरून मोकळे सोडलेले असतात आणि भिंतीला हलकासा बाक दिलेला असतो, म्हणजे दाब टोकावर न येता टोकापासून आत, सपाट बाजूवर पसरतो. अमेरिकेच्या स्नॅप-ऑन कंपनीनं ही गोष्ट फ्लँक ड्राइव्ह नावानं आणली, आता वेगवेगळ्या नावांनी बऱ्याच कंपन्या तसंच करतात. गोटी डोळ्यासमोर धरून आत बघितलं की कोपऱ्यात छोट्या गोल खाचा दिसतात का ते कळतं. दिसल्या तर बरं.

दुसरी आत बघायची गोष्ट म्हणजे सहा कोन का बारा कोन. स्वस्त सेटमधे बहुतेक वेळा बारा कोनी गोट्या असतात, आणि दिसायला त्या भारी वाटतात, चांदणीसारख्या. बारा कोनीचा फायदा एवढाच की दर ३० अंशाला ती बोल्टवर बसते, सहा कोनीला ६० अंश लागतात. रिंग पान्याला हा फायदा खरंच आहे, कारण तो अडचणीच्या जागी काढून परत लावावा लागतो, पण रॅचेटला, म्हणजे एका बाजूला जोर देणाऱ्या आणि परत येताना टिकटिक करत रिकाम्या फिरणाऱ्या दांड्याला, गोटी एकदा बसली की काढायचीच नसते मग त्या ३० अंशाचं करायचं काय? आणि किंमत काय मोजता तर, बारा कोनीच्या आतल्या चोची मध्यापासून ७.२५ मिमीवर येतात (१४च्या गोटीत), म्हणजे पकड १.०८ वरून ०.८४ वर. नवीन बोल्टवर हा फरक कळणार पण नाही. पण पावसाळे काढलेला, गंजून अर्धा मिमी कोपरा गेलेला बोल्ट घ्या, सहा कोनीकडं ०.५८ उरतं आणि बारा कोनीकडं ०.३४. आपल्याकडं कोकणातल्या खाऱ्या हवेत ठेवलेल्या गाडीचे सायलेन्सरचे बोल्ट ज्यानं कधी खोललेत त्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून सरळ सहा कोनी घ्या. काही इंजिनांत बोल्टचं डोकंच बारा कोनी असतं, त्याला अर्थात बारा कोनीच लागते, पण ते लागेल तेव्हा बघू.

आता नंबर. इथं लोक सगळ्यात जास्त फसतात, मी पण. ८ पासून ३२ पर्यंत सगळ्या गोट्या पाहिजेत असं वाटतं, पण प्रत्येक गाडीची स्वतःची ठरलेली पाचसहा नंबरांची टोळी असते. याला कारण आहे. नंबर हा बोल्टच्या डोक्याचा असतो, आट्यांचा नाही, आणि कुठल्या जाडीच्या बोल्टला केवढं डोकं द्यायचं याच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या पडल्या. ८ मिमी जाडीच्या बोल्टला जपानी गाड्यांत १२चं डोकं असतं, युरोपियन पद्धतीत १३चं. १० मिमीच्या बोल्टला जपानी १४, जुनं जर्मन माप १७, आणि नंतरचं आंतरराष्ट्रीय माप १६. १२ मिमीला तसंच १७, १९ आणि १८. जपान्यांनी डोकी लहान ठेवली, वजन वाचतं आणि अडचणीच्या जागी पाना फिरायला जागा मिळते. त्यामुळं मारुती, टोयोटा, होंडा असेल तर १०-१२-१४-१७-१९ यावर गाडीचं बहुतेक काम निघतं, कोरियन ह्युंदाईचं पण थोडंफार तसंच, फक्त चाकाचे नट २१चे. टाटा-महिंद्राच्या बऱ्याच गाड्यांत १३ची गोटी लागतेच लागते, जी मारुतीवाल्याच्या डब्यात वर्षानुवर्षं नवीकोरी पडून असते (गोल झालेल्या १४वर ठोकायच्या कामी येते तेवढीच!). स्कोडा-फोक्सवॅगनवाल्यांनी चाकाच्या बोल्टला १७ची गोटी आणि त्याशिवाय टॉर्क्स बिट्स, म्हणजे ती सहा पाकळ्यांची फुलं, घेतल्याशिवाय बॉनेट उघडूच नये.

आणि १०ची गोटी. ती हरवते यावर जगभरच्या मेकॅनिक लोकांचे विनोद चालतात. पण ती का हरवते? ६ मिमी जाडीच्या बोल्टला जपानी, जर्मन, आपले, जवळपास सगळेच १०चं डोकं देतात. बॅटरीचा क्लॅम्प १०, एअर फिल्टरचा डबा १०, इग्निशन कॉइल १०, प्लॅस्टिकची कव्हरं १०. दिवसातून वीसदा जी गोटी हातात येते ती वीसदा कुठंतरी ठेवली पण जाते. दोन घेऊन ठेवा, एक साधी, एक लांब.

ड्राइव्हचा मामला. गोटीच्या मागं जो चौकोनी खड्डा असतो त्याचं माप पाव इंच, तीन अष्टमांश किंवा अर्धा इंच, गोटी मिलिमीटरची असली तरी हा चौकोन जगभर इंचातच राहिला, कारण सुट्या गोट्या आणि बदलायचे दांडे हा धंदा अमेरिकेत वाढला. स्नॅप-ऑन १९२० मधे सुरू झाली तीच या कल्पनेवर, ५ दांडे आणि १० गोट्या, पाहिजे ती जोडी लावा, ५० पान्यांचं काम होतं. आता केवढा ड्राइव्ह घ्यायचा? चौकोनी दांड्याची पीळ सहन करायची ताकद त्याच्या मापाच्या घनात वाढते. म्हणजे अर्धा इंची हा पाव इंचीच्या दुप्पट जाड, पण ताकद आठपट. तीन अष्टमांश हा पाव इंचीच्या साधारण ३.४ पट. आपल्याकडं दुकानदार डोळे झाकून अर्धा इंची पुढं करतो, कारण ट्रक-ट्रॅक्टरपासून सगळ्याला चालतो, पण त्या जाडजूड रॅचेटनं ६ मिमीचा बोल्ट आवळायला घेतला तर हाताला कळतच नाही आणि बोल्ट तुटून अर्धा आत राहतो. माझं मत विचाराल तर कारच्या रोजच्या कामाला तीन अष्टमांशचा सेट, आणि चाकं-सस्पेन्शनसाठी अर्धा इंचीचा फक्त एक लांब दांडा, १७, १९, २१ च्या तीन गोट्या. पाव इंची डॅशबोर्ड खोलणाऱ्यांसाठी.

लांब दांडा का, तर चाकाचा नट साधारण १०० न्यूटन मीटरचा. २५ सेंमीच्या रॅचेटवर त्याला ४० किलोचा जोर लागतो, ५० सेंमीच्या दांड्यावर २०. आणि गंजलेला नट सुटताना याच्या दुप्पट पण मागतो. इथं लोक रॅचेटच्या मुठीत पाईप घालून वर उभे राहतात. नका करू असं. रॅचेटच्या आत एक चक्र आणि त्याला अडणारा छोटा घोडा असतो, सगळा जोर घोड्याच्या दोनचार बारीक दातांवर येतो, तो तुटला की तुमचा हात सरळ मडगार्डवर. सोडवायला बिनदात्यांचा साधा दांडा, ब्रेकर बार म्हणतात तो, आणि एकदा सैल झाला की मग रॅचेट.

दातांवरनं आठवलं, २४ दात्यांचं रॅचेट प्रत्येक टिकटिकीला १५ अंश मागतं, ७२ चं ५ अंश. इंजिन आणि फायरवॉल, म्हणजे केबिनकडचा पत्रा, यांच्या मधे हात जेमतेम हलतो तिथं ५ अंश म्हणजे देवच पावला. पण दाते वाढले की एकेक दाता बारीक होतो, त्यामुळं स्वस्तातलं ७२ घेण्यापेक्षा चांगल्यातलं ३६ किंवा ४५ बरं. रॅचेटच्या पाठीवर गोटी सोडायचं जे बटण असतं, त्याची गोष्ट मजेशीर आहे. १९६०च्या दशकात पीटर रॉबर्ट्स नावाच्या, सिअर्स या अमेरिकन कंपनीच्या दुकानातल्या एका तरुण सेल्समननं ते शोधलं, १९६५ मधे पेटंट मिळालं, कंपनीनं १० हजार डॉलर देऊन हक्क घेतले आणि त्यावर करोडो कमावले. पोरानं केस केली, ती १९८९ पर्यंत चालली आणि शेवटी तडजोड झाली. तेलकट हातानं ते बटण दाबताना मला दरवेळी तो आठवतो.

मग धातू. डब्यावर क्रोम व्हॅनेडियम लिहिलेलं असतं, ते ठीक, पण नुसत्या नावाला अर्थ नाही. कोयता कितीही चांगल्या लोखंडाचा असला तरी लोहारानं पाणी नीट दिलं नाही तर धार उतरते, तसंच इथं. तापवून एकदम थंड केलं की पोलाद कडक होतं पण ठिसूळ पण होतं, मग परत मापात तापवून तो ठिसूळपणा काढावा लागतो. पाणी कमी पडलं तर गोटी आतून पसरते, जास्त झालं तर तडकते. इम्पॅक्ट गन, म्हणजे ठोके देत नट फिरवणारं मशीन, वापरणार असाल तर चकचकीत गोट्या तिला लावूच नका, त्यांचा तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. गनसाठी काळ्या, जाड भिंतीच्या, जरा मऊ ठेवलेल्या क्रोम मॉलिब्डेनमच्या गोट्या वेगळ्या मिळतात.

स्पार्क प्लगची गोटी वेगळी घ्या, आत रबर किंवा चुंबक असलेली, म्हणजे प्लग खोल विहिरीतून वर येतो. जुन्या गाड्यांना २१, नवीन बऱ्याच गाड्यांना १६, काहींना १४, त्यामुळं आधी गाडीचं मॅन्युअल.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या आकड्याइतकंच आवळता येतं असा पाना, नंतर घेतला तरी चालेल, पण घेतल्यावर एक लक्षात ठेवा, आवळताना लावलेल्या जोरातला साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात आणि ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातो, बोल्ट ताणायला उरतात १० टक्के. म्हणजे आट्यांना तेल लावलं आणि आकडा तोच ठेवला तर बोल्ट भलताच जास्त ताणला जातो. चाकाच्या नटाला कौतुकानं ग्रीस लावणारे लोक इथंच चुकतात.

खरेदीला पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. हत्यारं बनवणाऱ्या टपारियाचं नाव घराघरात आहे, कारखाना नाशिकला सातपूरला. जुन्या बाजारात पण कधीकधी जर्मन-जपानी जुनी गोटी मातीमोल मिळते, फक्त आतून पसरलेली नाही ना ते बघून घ्या. मी आता जाताना खिशात १४चा एक नवीन बोल्ट घेऊन जातो. गोटीत टाकायचा, बोटानं डावीउजवी हलवायचा. जास्त डुगडुगला तर पुढचा सेट मागायचा. दुकानदार वैतागतो. मागच्या खेपेला एकानं विचारलं, "साहेब, बोल्ट विकायला आलाय का?"