इअरबड घेताना आधी कान बघा

कानात घातले की बाहेरून जेमतेम दिसतील, कुशीवर झोपलं तरी टोचणार नाहीत, कानटोपी किंवा ओढणी काढताना निसटून पडणार नाहीत, असे बुटके वायरलेस इअरबड हल्ली पुष्कळांना हवे असतात. मागणी रास्त आहे. अडचण अशी की खोक्यावर ठळक छापलेल्या आकड्यांपैकी (१३ मिलिमीटर ड्रायव्हर म्हणजे आतला बारका स्पीकर, ५० तास बॅटरी, ब्लूटूथ ५.३) एकही आकडा ते बड तुमच्या कानात कसे बसतील हे सांगत नाही. आणि आवाज चांगला लागणार की वाईट, हे बरंचसं तिथेच ठरतं.

प्रौढ माणसाची कर्णनलिका साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि सात-आठ मिलिमीटर रुंद असते. ती सरळ नसते, इंग्रजी एस अक्षरासारखी किंचित वळलेली असते. तिची रुंदी आणि वळण माणसागणिक बदलतं, आणि एकाच माणसाच्या डाव्या-उजव्या कानांतही फरक असतो. म्हणूनच बडबरोबर लहान, मध्यम, मोठी अशी सिलिकॉनची टोकं मिळतात. बहुतेक जण आधीपासून बसवलेलं मध्यम टोक तसंच ठेवतात आणि बाकीची खोक्यातच राहतात. ती काढून बघा. एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला लहान लागलं, तर त्यात वावगं काही नाही.

टोक नीट बसण्याला एवढं महत्त्व का? १०० हर्ट्झच्या खर्ज ध्वनीची हवेतली तरंगलांबी जवळपास साडेतीन मीटर असते. अडीच सेंटिमीटरच्या नळीत अशी लाट मावणार कशी? ती मावत नाहीच. बडने कानाचं तोंड बंद केलं की आत घन सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही कमी हवा अडकते. ड्रायव्हरचा पडदा पुढेमागे होतो तेव्हा ही हवा दाबली जाते आणि सैल होते, आणि तोच दाब कानाच्या पडद्यावर पडतो. आता टोकाच्या कडेला बारीकशी फट राहिली असं समजा. खर्जातले दाबाचे चढउतार सावकाश होतात, त्यामुळे तेवढ्या वेळात हवा फटीतून आतबाहेर होऊन दाब समान होतो आणि खर्ज नाहीसा होतो. वरच्या पट्टीतले चढउतार इतके झपाट्याने होतात की हवेला निसटायला सवडच मिळत नाही, म्हणून ते शाबूत राहतात. परिणामी आवाज पातळ, कोरडा, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो. विकत घेणारा कंपनीला दोष देतो, पण पुष्कळदा दोष त्या फटीचा असतो.

हे तपासायला महागडी उपकरणं लागत नाहीत. ज्यात तबला मोकळा वाजलाय असं एखादं ध्वनिमुद्रण लावा आणि फक्त डग्ग्याकडे लक्ष द्या. मनगट दाबून सरकवताना डग्गा जो घुमतो, ती घुमार पोटातून आल्यासारखी भरीव ऐकू आली पाहिजे. आता बड बोटाने हलकेच आत दाबा. घुमार एकदम वाढली, तर टोक लहान पडतंय किंवा नीट बसलेलं नाही. दाबून काही फरक पडला नाही, तर ते बसलंय. मग तानपुऱ्याकडे वळा. जवारीतून, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या घोडीवरून, उठणारे वरचे स्वर झिणझिणत, सुटे सुटे ऐकू यावेत, टोचू नयेत. एवढ्या दोन वाद्यांत ऐकण्याच्या पट्ट्याची खालची आणि वरची बाजू तपासून होते. (सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये आपल्या चर्मवाद्यांतल्या सुरेल उपस्वरांवर ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं. पुडीवरच्या काळ्या गोल शाईमुळे तबल्याला सूर कसा येतो हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे, पण इअरबड पारखायला या वाद्यासारखं वाद्य नाही असं मला मनापासून वाटतं.)

बड घालायचीही रीत आहे. विरुद्ध हाताने कानाची वरची कड थोडी वर आणि मागे ओढा, म्हणजे नळीचं वळण सरळ होतं. मग बड आत सरकवून किंचित फिरवा. त्यानंतर दोन मिनिटं बोला, काहीतरी चावून खा. जबडा हलतो तशी कर्णनलिका आकार बदलते, आणि गप्प बसल्यावर पक्के वाटलेले बड जेवताना हळूहळू बाहेर येतात. बुटक्या बडच्या बाबतीत हे जास्त जाणवतं. त्याला दांडी नसते, त्यामुळे तो कानाच्या भोकाबाहेरच्या खळग्यात नुसत्या आकाराच्या जोरावर अडकून राहतो. तो खळगा लहान असेल, आणि पुष्कळ स्त्रियांचा तो लहान असतो, तर बडचं शरीर तिथे मावत नाही आणि तासाभरात दुखायला लागतं. म्हणून बडचा सगळ्यात रुंद भाग किती रुंद आहे ते पाहा. कानाबाहेर किती दिसतो, हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

ड्रायव्हरच्या मिलिमीटरांचा मोह इथे सोडून द्यावा. मोठ्या खोलीतली हवा हलवायला मोठा पडदा लागतो, पण बंद कानातली घन सेंटिमीटरभर हवा दाबायला सहा मिलिमीटरचा पडदाही पुरेसा आहे. श्रवणयंत्रांतून आलेले ‘बॅलन्स्ड आर्मेचर’ जातीचे ड्रायव्हर तर त्याहून लहान असतात. १२-१३ मिलिमीटरचे ड्रायव्हर पुष्कळदा सिलिकॉनचं टोक नसलेल्या, कानाच्या तोंडाशी नुसत्या टेकणाऱ्या बडमध्ये दिसतात. तिथे कान बंदच होत नाही, गळती गृहीत धरलेली असते आणि ती भरून काढायला मोठा पडदा लागतो. म्हणजे हा आकडा मोठा असणं ही श्रीमंती नाही, ती रचनेची गरज आहे.

अर्थात उघड्या बडला नावं ठेवायचं कारण नाही. टोकाने कान बंद केला की आपलाच आवाज डोक्यात घुमतो आणि चालताना पावलं धप्‌धप्‌ वाजतात. बोलताना हाडांतून कर्णनलिकेच्या भिंतींना कंप मिळतो. एरवी तो ध्वनी बाहेर निघून जातो, कान बंद असला की आतच अडकतो. दिवसभर फोनवर बोलणाऱ्याला याचा फार त्रास होतो. शिवाय रस्त्याने चालताना मागून येणारी रिक्षा ऐकू आली पाहिजे. रहदारीत चालायचं असेल तर मी टोकवाले, कान बंद करणारे बड कुणाला सुचवणार नाही, आणि गाडी चालवताना तर कोणतेच नकोत.

आता ‘वायरलेस’कडे येऊ. दोन बडच्या मधे तारच नको, ही कल्पना म्युनिकच्या ब्रागी कंपनीने २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणी जमवण्याच्या संकेतस्थळावर मांडली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये ॲपलचे एअरपॉड्स बाजारात आल्यावर ती घरोघर पोहोचली. यातला खरा अडथळा होता माणसाचं डोकं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं आणि या लहरी पाण्याने भरलेल्या शरीरात चांगल्याच शोषल्या जातात. एका कानातून दुसऱ्या कानात त्या सरळ जाऊ शकत नाहीत. ब्रागीने त्यासाठी जवळच्या अंतरावर चालणारं चुंबकीय प्रेरण वापरलं, कारण चुंबकीय क्षेत्राला शरीर फारसं अडवत नाही. पुढे फोनशी आणि एकमेकांशी बोलण्याच्या पद्धती सुधारत गेल्या. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या ‘एलई ऑडिओ’ या ब्लूटूथच्या नव्या पद्धतीत तर फोन दोन्ही कानांना वेगवेगळे प्रवाह थेट पाठवतो. मात्र त्यासाठी फोन आणि बड दोघांनाही ती सोय हवी.

एक गोष्ट अनेकांना कोड्यात टाकते. घरात उत्तम चालणारे बड मोकळ्या मैदानावर तुटक वाजतात. वास्तविक मैदानावर अडथळे कमी, मग असं का? घरात भिंती आणि छतावरून परावर्तित झालेल्या लहरी फिरून कानापर्यंत येतात. मैदानावर परत फिरवणारं काहीच नसतं. फोन मागच्या उजव्या खिशात आणि बड डाव्या कानात असला, तर लहरींना सगळं शरीर वळसा घालून जावं लागतं. फोन वरच्या खिशात ठेवला की प्रश्न बहुधा सुटतो. बुटक्या बडमध्ये अँटेनाला जागा थोडी आणि ती कातडीला जवळजवळ चिकटलेली, म्हणून हा त्रास त्यांना जास्त. दांडीवाल्या बडची दांडी शोभेसाठी नसते. तिच्यात अँटेना सावरून बसते आणि मायक्रोफोन तोंडाच्या थोडा जवळ येतो. ज्यांना इअरबडवर मुख्यतः फोनच घ्यायचे आहेत, त्यांनी बुटक्या बडचा हट्ट सोडावा हे बरं.

बॅटरीचं गणित सोपं आहे. बुटक्या बडमध्ये साधारण ५० मिलिअँपिअर-तासांचा सेल मावतो. फोनमध्ये साधारण ५००० चा असतो, म्हणजे शंभरपट. पाच तास वाजायचं तर बडने सरासरी १० मिलिअँपिअरमध्ये रेडिओ, प्रोसेसर, मायक्रोफोन आणि ड्रायव्हर असा सगळा संसार भागवायचा. खोक्यावरचे ‘५० तास’ हे केसमधून, म्हणजे बड ठेवायच्या डबीतून, पुन्हा पुन्हा चार्ज करून मिळणारे एकूण तास. तुम्हाला विचारायचंय ते इतकंच, की एका चार्जवर बड किती तास वाजतात आणि नॉइज कॅन्सलेशन (बाहेरचा गोंगाट दाबण्याची सोय) चालू असताना किती. आकार कमी करण्याची किंमत किती मोठी असू शकते याचं एक जाहीर उदाहरण आहे. बोस कंपनीने २०१८ मध्ये खास झोपताना घालायचे, अगदी बुटके ‘स्लीपबड्स’ आणले. त्यांच्या बॅटऱ्या भरवशाच्या ठरल्या नाहीत, तेव्हा २०१९ मध्ये कंपनीने विक्री थांबवून ग्राहकांना पैसे परत देऊ केले. इतक्या नावाजलेल्या अभियंत्यांनाही ते काही मिलिमीटर जड गेले.

नॉइज कॅन्सलेशनबद्दल थोडक्यात. बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपायचा आणि त्याच्या उलट्या कलेचा, म्हणजे त्याचा दाब वाढतो तेव्हा घटणारा, ध्वनी कानात सोडायचा, ही कल्पना जर्मनीच्या पाउल ल्यूग यांनी मांडली आणि १९३६ मध्ये त्यांना अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं. ही युक्ती खालच्या पट्टीत उत्तम चालते. लोकलची घरघर, एसटीच्या इंजिनाची धडधड, पंख्याचा घुमा आवाज तिला सहज आवरतो. साधारण एक किलोहर्ट्झच्या वर मात्र ती थकते, कारण लहरी इतक्या आखूड होतात की उलटा ध्वनी अचूक जुळवणं अवघड जातं. तिथे काम करतं ते सिलिकॉनचं टोक. म्हणजे पुन्हा त्या फटीशीच आलो. टोक नीट बसलेलं नसेल तर नॉइज कॅन्सलेशनवर खर्च केलेला पैसा त्या फटीतून वाहून जातो.

बाहेरचा गोंगाट कमी झाला की माणूस आवाज कमी ठेवतो, हा याचा सर्वांत मोठा फायदा आहे आणि तो मला संगीताच्या दर्जाइतकाच महत्त्वाचा वाटतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या मानकानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा आहे, आणि मुलांसाठी ७५ डेसिबलवर ४० तास. प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८९ डेसिबलवर आठवड्याचे अवघे ५ तास. गर्दीच्या लोकलमध्ये उघडे बड घालून गाणं ऐकणारा ही मर्यादा दोन-चार दिवसांतच ओलांडू शकतो. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. बहुतेक फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवायची सोय असते. मुलांच्या फोनवर ती आजच लावा.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला हवं. खोक्यावरचं ‘आयपीएक्स’ हे पाणी सोसण्याचं मानांकन: आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे सोसणारा, आयपीएक्स७ म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. पण या चाचण्या साध्या पाण्याच्या असतात. घामात मीठ असतं आणि ते चार्जिंगच्या टिकल्या गंजवतं. ओले बड केसमध्ये ठेवू नका, आधी कोरड्या फडक्याने पुसा. कोकणासारख्या दमट हवेत ओला कान तासन्‌तास बंद ठेवला की आत बुरशी धरू शकते, त्यामुळे अंघोळीनंतर लगेच बड नकोत. एका बाजूचा आवाज हळूहळू कमी होत गेला, तर दुरुस्तीला नेण्याआधी त्या बडची जाळी उजेडात धरून पाहा. बहुतेक वेळा ती कानातल्या मळाने बुजलेली असते. टोक काढून, जाळी खाली धरून, कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. टाचणी घालू नका.

आणि शेवटी आयुष्याचा प्रश्न. छोटा लिथियम सेल काही शे चार्जिंगनंतर लक्षणीय दुबळा होतो. रोज वापरणाऱ्याला दीड-दोन वर्षांत हे जाणवू लागतं, आणि बहुतेक बड चिकटवून बंद केलेले असल्याने सेल बदलता येत नाही. बुटक्या बडमध्ये तर स्क्रूलाही जागा नसते. तरी हे अटळ आहे असं नाही. नेदरलँड्सच्या फेअरफोन कंपनीने २०२४ मध्ये बाजारात आणलेल्या ‘फेअरबड्स’मध्ये दोन्ही बडचे आणि केसचे सेल घरच्या घरी बदलता येतात. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमामुळे फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतल्या बॅटऱ्या, काही अपवाद वगळता, ग्राहकाला काढता येतील अशा असाव्या लागतील. आपल्याकडे तोवर एवढं करता येतं, की घेण्याआधी दुकानदाराला दोन प्रश्न विचारायचे. एक बड हरवला किंवा बिघडला तर तेवढाच सुटा मिळतो का आणि कितीला? वॉरंटीत बॅटरी धरलेली आहे का? उत्तर गोलमोल आलं, तर दुसरी जोडी बघा.